आरतीत मध्येच पडणारी थाप: चुकणं की सुचणं?

शेवंतीवेणी
बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझा लेक १४ वर्षांचा. डाऊन सिंड्रोम आहे, बौद्धिक अक्षमता मध्यम. फोंड्याकडच्या एका विशेष शाळेत जातो. बोलतो दोन-तीन शब्दांत, पण घरात सगळ्यांना कळतं.

यंदा चवथीला मूळ घरी पाच दिवस गणपती होता. आमच्याकडे गोव्यात आरती म्हणजे घुमट (मातीच्या मडक्याला चामडं ताणून केलेलं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कांसाळें (झांजा) आणि वाड्यावरची वीस-पंचवीस माणसं. लेकाचं स्वतःचं बारकं घुमट आहे. कडवं संपलं की सगळे श्वास घ्यायला क्षणभर थांबतात ना, हा नेमका तिथे वाजवतो. थप्, थप्, आणि मग डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड झाकून उघडलेला एक लांबट ‘धुंऽऽ’. तेवढंच. पुन्हा गप्प.

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी वाजवणाऱ्या पोरांपैकी एक वैतागला, पुढचं कडवं उचलायला अडतं म्हणाला. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी घुमट काढून घेतलं आणि कांसाळें हातात दिलं, “हें वाजय, सोंपें आसा.” त्याने ते आवाज न करता पाटावर ठेवलं आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, जाऊन बसला. पाचव्या दिवशी आरतीला आलाच नाही.

शाळेत तर गॅदरिंगला रेकॉर्ड लावतात, मुलं समोरच्या बाईंचे हात बघून हात हलवतात. ‘ह्याला ताल नाही’ असा शेरा दोनदा मिळालाय.

मला गाण्यातलं काही कळत नाही. हे त्याचं चुकणं आहे की त्याला काहीतरी सुचतंय? आणि सुचत असेल तर ते वाढवायचं कसं?

तिसवाडीकर
आमच्या वाड्यावर सगळेच चुकीच्या जागी वाजवतात. कुणाच्या हातचं घुमट काढून घेतलेलं नाही अजून. :)

पेटीमास्तर
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ३० वर्षं पेटी आणि गाणं शिकवतोय. सर्जनशीलता हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेलं, येते ती ठेका अंगात मुरल्यावर. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती टाळण्याचा अधिकार. ज्या गोव्यात खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल एका वेळी धरायचे, तिथे कुठेही थाप मारली तरी ‘वा वा’ म्हणायचं का? आधी आठ मात्रांचा साधा ठेका सहा महिने करून घ्या. मुलगा विशेष आहे म्हणून ताल विशेष होत नाही.

माटोळी
मास्तर, सासऱ्यांची आयडी तुमचीच का?

म्हापशेंकर_माई
विशेष शिक्षिका आहे, १७ वर्षं झाली. @पेटीमास्तर, ठेक्याबद्दल आपलं भांडण नाही. पण ‘कुठेही’ हा शब्द तुमचा. शेवंतीने ‘नेमका तिथे’ लिहिलंय. सगळं त्यावर अडलंय.

शेवंती, आरतीचे व्हिडिओ असतीलच कुणाच्या तरी मोबाईलमध्ये. ते बघ. तीन गोष्टी शोध. तो रोज त्याच जागी वाजवतो का? वाजवण्याआधी कुणाकडे बघतो का? आणि एकदा तरी त्याने त्यात काही बदललंय का? हात सुटतोय म्हणून पडलेली थाप इकडेतिकडे पडते. ठरवून दिलेली थाप वाट बघून पडते.

आमच्याकडे वर्गात सगळ्यात कठीण काय असतं सांगू? मोठ्या माणसांनी हात आवरणं. मुलाने दोन सेकंदांत वाजवलं नाही की बाई त्याचा हात धरून वाजवून घेतात. मग पालकांना वाटतं वाजवलं, बाईंना वाटतं शिकवलं, आणि मुलाला एवढंच कळतं की हात आपला असला तरी वाजवणारं कुणी दुसरं आहे. मी मदतनीस बाईंना मनात दहापर्यंत मोजायला लावते. दहा म्हणजे फार वाटतात, घड्याळ लावून बघा.

दुसरं, नक्कल उलटी करायची. आपण नेहमी ‘मी वाजवते तसं वाजव’ म्हणतो. त्याने वाजवलेलं आपण वाजवायचं. तो दचकून बघेल. मग मुद्दाम काहीतरी वेगळं करून बघेल, आपण खरंच ऐकतोय का याची परीक्षा घ्यायला. तिथून गंमत सुरू होते. पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा इंग्लंडचा विशेष शिक्षक, दोघांनी १९५९ पासून हेच केलं. मूल ढोलावर जे काही वाजवेल त्याभोवती नॉर्डॉफ पियानोवर संगीत उभं करायचा. मुलाची थाप हीच लय धरायची आणि पियानोने मागून जायचं.

तिसरं करवंट्यांचं. डाऊन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं लक्षात ठेवणं जड जातं, बघितलेलं त्यामानाने चांगलं राहतं. तोंडी ‘धा धिं धिं धा’ घोकून घेतलं की ती हरवतात. मी खडूने जमिनीवर आठ चौकोन काढते. करवंटी ठेवली की मोठी थाप, चिंचोका ठेवला की बारीक, रिकामा चौकोन म्हणजे गप्प. मांडणार मुलं, वाजवणार आम्ही. एका मुलाने तिसऱ्या चौकोनात पाच करवंट्या एकावर एक रचल्या. आम्ही नेहमीसारखी एकच थाप दिली, तर त्याने मान हलवली. आम्हाला कळायला दोन दिवस लागले, तिथे सगळ्यांनी मिळून जोरात वाजवायचं होतं. आता ही रचना म्हणायची की नाही, ते पेटीमास्तरांनी सांगावं.

नुस्तेंखाऊ
+१. माई, करवंट्यांचा वेगळा धागा काढा.

जुनीतबकडी
अवांतर: घुमट घोरपडीच्या चामड्याचंच खरं. शेळीच्या चामड्याला तो नाद नाही. आमच्या आजोबांचं घुमट...

रानमाणूस
@जुनीतबकडी, आजोबांचं घुमट भिंतीवरच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, तेही आता शेळीच्या चामड्यावर वाजतं म्हणूनच. नाद मातीच्या पोटातून येतो आणि डाव्या हातातून.

जुनीतबकडी
कान असलेल्याला फरक कळतो.

रानमाणूस
घोरपडीलाही कळतो.

माटोळी
:D :D मूळ विषयाकडे वळा रे.

रात्रपाळी
थोडा वेगळा सूर लावतो. माझी मुलगी १९ वर्षांची, बौद्धिक अक्षमता आहे. तिला संगीतात काडीचा रस नाही. तरी वाढदिवसाला आजवर तीन कीबोर्ड आलेत. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘ह्या मुलांना देवाने संगीत दिलेलं असतं.’ नाही दिलेलं. तिला वेलीवरची मिरी तोडायला आणि आकाराने निवडायला आवडतं, त्यात ती माझ्यापेक्षा वाकबगार आहे. कीबोर्डवर बसवलं की रडते. ‘देवाची लेकरं’ वगैरे लिहिणाऱ्यांनी एकदा विचार करा, आपली मुलं देवाने दिली आणि हिला काय भाड्याने आणलंय?

शेवंतीताई, तुमच्यावर रोख नाही. तुमच्या मुलाने घुमट स्वतः उचललं, तो भाग वेगळा.

पोर्वरीची_पोर
पण काही मुलांना उपजत ओढ असतेच ना? मी वाचलं होतं कुठेतरी.

म्हापशेंकर_माई
@पोर्वरीची_पोर, तू वाचलंस ते विल्यम्स सिंड्रोमबद्दल असेल. सातव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळालेला असतो. त्या मुलांना संगीताची ओढ पुष्कळदा दिसते आणि काहींना कर्कश आवाज अजिबात सोसत नाहीत. पण तो विरळा प्रकार. तो बघून सगळ्यांना एका दोरीत ओवू नये. @रात्रपाळी यांना शंभर टक्के अनुमोदन. नको म्हणायची मुभा नसेल तर हो म्हणण्याला काय अर्थ? तो लहानगा कांसाळें खाली ठेवून गेला, ते मला त्याच्या थापेइतकंच बोलकं वाटलं.

शेवंतीवेणी
माई, व्हिडिओ बघितले. दिराच्या मोबाईलमध्ये पहिल्या तीन दिवसांचे होते. रात्री स्वयंपाकघरात बसून आवाज बारीक करून बघितले आणि दोनदा रडले, ते असो.

एक, तो दर कडव्यानंतरच वाजवतो, कडव्याच्या मध्ये कध्धीच नाही. दोन, तो घुमटाकडे बघतच नाही. आज्याकडे बघतो. माझे सासरे सूर धरतात, कडवं संपताना त्यांचे खांदे जरा खाली येतात. खांदे खाली आले की ह्याचा हात वर. तीन, पहिल्या दोन दिवशी थप्-थप्-धुं होतं. तिसऱ्या दिवशी शेवटच्या आरतीला थप् तीनदा, आणि धुं इतका लांब की शामेळवाल्याने वळून बघितलं. ते बघून हा हसतोय.

एक राहिलं. थाप पडायची ती पोरं पुढचं कडवं उचलणार इतक्यात. म्हणजे वैतागलेल्या पोराचंही अगदीच खोटं नव्हतं.

पेटीमास्तर
दोन दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं कळत नव्हतं.

खांद्यांचं वाचलं. माझे गुरुजी साथीला बसवायचे तेव्हा म्हणायचे, गवयाच्या तोंडाकडे बघू नको, श्वासाकडे बघ. मला ते जमायला चार वर्षं लागली. गाण्यात आम्ही ‘जागा घेतली’ म्हणतो. तुमच्या मुलाने जागा घेतली आहे. ‘कुठेही’ मागे घेतो.

ठेक्याचं मात्र मागे घेत नाही. पुढचं कडवं उचलणाऱ्यालाही श्वास हवा. त्याची जागा पक्की करायची तर बाकीच्यांनी ती मोजून सोडली पाहिजे, म्हणजे चार मात्रा त्याच्या. मग तोही बांधला गेला आणि बाकीचेही. हेही तालाचंच शिक्षण.

आता पेटीवाल्याकडून एक युक्ती. घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर (@रात्रपाळी, तुमच्या तीनपैकी एक द्या ह्यांना) पांढऱ्या पट्ट्या सोडून द्या आणि त्याला फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरू द्या. पाचच सूर. तुम्ही काळी तीनचा, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीचा, सा धरून नुसता भाता चालू ठेवा, त्याचं सगळं भूप रागाचं होईल. काळी एकला सा धरा, त्याच पट्ट्यांवर दुर्गा. काळी पाचला धरा, मालकंस. तो तेच वाजवतोय आणि खालचा षड्ज बदलला की रंग बदलतो. बेसूर पट्टी हाताखाली येतच नाही, त्यामुळे ‘चुकलं’ म्हणायची पाळी येत नाही. काळ्या पट्ट्या उंच असतात, जाड बोटांनाही सापडतात. अर्थात शुद्ध राग हा नव्हे, चलन-वादी काही नाही. पण सुरांचं अंगण म्हणून उत्तम.

हे मी आजवर नेहमीच्या विद्यार्थ्यांनाही कधी करू दिलं नाही. का, ते आता विचारू नका.

रात्रपाळी
दोन नेले तरी चालतील. कुडचड्याहून घेऊन जा.

कानसेन_डॉक्टर
दवाखान्यातून घाईत लिहितोय. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे पाणी साठणं फार सर्रास. ऐकू कमी येतं, आणि तेही आज कमी उद्या बरं असं. ‘ताल नाही’ हा शेरा लिहिण्याआधी श्रवण चाचणी झाली होती का? वर्षातून एकदा कराच. आणखी एक, ह्यातल्या काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. गळ्यात जड घुमट अडकवून मान हलवत नाचायला लावण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मांडीवर घेऊन वाजवलं तर प्रश्नच नाही, उलट पोटाला नाद लागतो तो वेगळा.

शेवंतीवेणी
चाचणी सहा वर्षांपूर्वी झाली होती, शाळेत घालताना. पुढच्या आठवड्यात नेते. देव बरें करूं, डॉक्टर.

चाफ्याचंझाड
गॅदरिंगबद्दल वाचून राहवलं नाही. मी साध्या शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. आमच्याकडे अशी दोन मुलं होती. त्यांना मागच्या रांगेत, हातात कागदी फुलं. मीच उभं केलं होतं. पुढच्या रांगेतले पालक फोटो काढतात, त्यात गडबड दिसू नये म्हणून. कुणी मला सांगितलं नव्हतं, माझं मलाच सुचलं.

शेवटच्या वर्षी एक केलं. त्यातल्या एका मुलीला सगळ्यांसमोर उभं केलं. तिचा हात वर गेला की सगळ्यांनी वाजवायचं, खाली आला की बंद. वाद्यं काय, थाळ्या, डबे, दोन ताशे. तिने हात वर केला आणि खाली आणेचना. प्राचार्य घड्याळ बघतायत, पाहुणे चुळबुळतायत, पन्नास पोरं बडवतायत. मग अचानक हात खाली. एवढी शांतता त्या हॉलमध्ये मी कधी ऐकली नव्हती. तिने ती शांतता चाखली, सगळ्यांकडे बघितलं आणि मग एकच बोट वर केलं. बोट ठरलं नव्हतं. पोरांनी आपोआप हळू वाजवलं.

नंतर एका पालकांनी तक्रार केली की आवाज फार झाला.

तिसवाडीकर
बाई, तक्रार करणारे आमच्या वाड्यावरचेच असणार.

कायदेपंडित
शाळेशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २९. संस्कृती आणि मनोरंजनाचं कलम आहे, आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम ह्या विद्यार्थ्यांना सहभागी होता येईल असे नव्याने बेतावेत, असं त्यात लिहिलंय. म्हणजे ‘ह्याला जमत नाही’ हा शेरा अभ्यासक्रमावरही येऊ शकतो. भांडायला जाऊ नका, कागद दाखवा.

पोर्वरीची_पोर
पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट (दिव्यांगांचा महोत्सव) झाला तेव्हा मी स्वयंसेवक होते. रंगमंचावरच्या कार्यक्रमांना गर्दी होतीच, पण मला आठवते ती मागची बाजू. एक मुलगा खुर्चीच्या पत्र्यावर बोटांनी वाजवत होता, समोर चाललेल्या गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याची आई सारखी त्याचा हात धरत होती, लोक बघतायत म्हणून. आज हा धागा वाचताना तो हात आठवला.

जुनीतबकडी
घोरपडीचं मागे घेतो. पण नाद वेगळा असतो, एवढं राहू द्या.

रानमाणूस
राहू दिलं.

शेवंतीवेणी
दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व.

चाचणी झाली. डाव्या कानात पाणी होतं, औषध चालू आहे, परत तपासायचंय. शाळेतल्या बाईंना करवंट्यांचं सांगितलं. आधी म्हणाल्या वेळ नाही, आता शुक्रवारी अर्धा तास करतात. कलम २९ काढावं लागलं नाही. :) कुडचड्याचा कीबोर्ड आला. काळ्या पट्ट्यांवर तो रोज बसतो असं मुळीच नाही. कधी आठवडाभर ढुंकून बघत नाही. कधी जेवण सोडून बसतो.

सासऱ्यांना व्हिडिओ दाखवला. आपले खांदे बघून वाजवतोय म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. मला वाटलं बिनसलं. दुसऱ्या दिवशी घुमट आणून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसून एक कडवं म्हटलं. मग थांबले. मुद्दाम, चार मात्रा. तो बघतच राहिला. असं पंधरा दिवस चाललं, संध्याकाळी दिवा लावल्यावर. वाड्यावरच्या पोरांनाही त्यांनीच सांगितलं, “थंय तो वाजयतलो, तुमी रावचें.” वैतागणारा पोरगाच आता मात्रा मोजतो.

परवा व्हडल्या दिवाळीला अंगणात तुळशीचं लग्न. दिंडे, आवळे, चिंचा, सगळी मंडळी जमलेली. आरती सुरू झाली. पहिलं कडवं संपलं, सगळे थांबले. चार मात्रा मोकळ्या. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. आणि ह्याने वाजवलंच नाही. हात घुमटावर, आज्याकडे बघतोय, तोंडभर हसतोय. चार मात्रा गेल्या, पोरांनी गोंधळून पुढचं उचललं. दुसऱ्या कडव्यानंतरही नाही. मला घाम फुटला. तिसऱ्याला सासऱ्यांनी वाट न बघता सरळ पुढे सूर धरला, आणि त्यांच्या पहिल्याच शब्दावर थप्-थप्-धुंऽऽ.

सासरे हसून हसून पुढचं कडवं विसरले.

पेटीमास्तर
समेवर फसवलं म्हाताऱ्याला!! शिष्य माझा असता तर पाठ थोपटली असती. आणि रागावलोही असतो.

माटोळी
मास्तर, तो ठेका सहा महिने करून घ्या म्हणालात. दोनच झालेत.

पेटीमास्तर
चार महिने माझ्याकडे पाठवा. शिकवायला नव्हे, मला बघायचंय.

शेवंतीवेणी
विचारते त्याला. नको म्हणाला तर नाही हां, मास्तर.

आणि एक शंका, जाणकारांनी सांगा. घुमटाचं चामडं सैल पडलंय, धुं पूर्वीसारखा लांब येत नाही. तो सारखा मला आणून दाखवतो. उन्हात ठेवायचं म्हणतात, पण किती वेळ?

रानमाणूस
सकाळचं कोवळं ऊन, दहा-पंधरा मिनिटं, चामडं वर करून. मधूनमधून टिचकी मारून बघ. दुपारच्या उन्हात विसरलीस तर फाटेल.

जुनीतबकडी
टिचकी त्यालाच मारू दे. कधी झालं ते तोच सांगेल.